घर पाहावं तक्रार शोधून

मुंबईत घर बघायला निघालेलं कुटुंब रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला लांबूनही ओळखू येतं. नवरा-बायको, कंटाळलेलं एक मूल, आणि ‘त्याला बांधकामातलं कळतं’ म्हणून मुद्दाम आणलेला एक मेहुणा. मेहुणा भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करतो आणि ‘हं’ म्हणतो. त्या ‘हं’चा अर्थ आजवर कुणाला कळलेला नाही, मेहुण्यालाही नाही. एजंट बेडरूमची खिडकी उघडतो. बाहेर रस्ता मोकळा असतो, फेरीवाले अजून यायचे असतात, रिक्षा हात केल्यावर चक्क थांबते, टाकीत पाणी असतं आणि समोरच्या हॉलमध्ये त्या दिवशी नेमकं कुणाचं लग्न नसतं. रविवारी अकरा वाजता मुंबईच्या आसपासची कुठलीही वस्ती स्वर्ग असते. घर बघण्याच्या अशा दोन तासांत निर्णय होतो. हप्ते मात्र वीस वर्षं भरायचे असतात, आणि त्या वीस वर्षांतले निम्म्याहून अधिक दिवस सोमवारसारखे असतात.

या दोन तासांत विचारले जाणारे प्रश्न पाहा. स्टेशन किती लांब, शाळा कुठली, बाग आहे का, हवा खेळती आहे का, क्लबहाउस कधी सुरू होणार. सगळे प्रश्न सोयींचे. आणि इथेच घोडं पेंड खातं. माझं म्हणणं असं की राहायची वस्ती सोयी बघून निवडूच नये, तक्रार बघून निवडावी. मुंबईत आणि मुंबईच्या भोवताली प्रत्येक वस्तीची एक मुख्य तक्रार असते. कुलदैवत असतं तशी. बाकीच्या किरकोळ कुरबुरी सगळीकडे सारख्याच, पण ही मुख्य तक्रार त्या वस्तीची खास असते, तिथल्या प्रत्येक घरात ती पुजली जाते आणि पाहुण्याला चहाच्या आधी तिचं दर्शन घडवलं जातं. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: यातली कुठली तक्रार आपल्याला वीस वर्षं झेपेल?

हे वाटतं तितकं वेडगळ नाही. सोय फार लवकर सवयीची होते. सोसायटीतल्या पोहण्याच्या तलावाकडे पहिले दोन महिने कौतुकाने बघितलं जातं, नंतर तो मे महिन्यात पोरांना आणि उरलेले अकरा महिने मेंटेनन्सच्या बिलात दिसतो. गैरसोयीचं मात्र तसं नाही. ती रोज नव्याने होते. ब्रूनो फ्रे आणि अलॉइस श्टुट्झर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी झुरिकमध्ये बसून जर्मन कुटुंबांची अनेक वर्षांची आकडेवारी तपासली आणि २००८ साली निष्कर्ष छापला. लांबचा प्रवास करणारा माणूस अर्थशास्त्राच्या हिशेबाने तरी इतरांइतकाच समाधानी असायला हवा, कारण त्या बदल्यात त्याला मोठं घर किंवा बरा पगार मिळालेला असतो. प्रत्यक्षात तो कमी समाधानी निघाला. म्हणजे घराचा मोठेपणा अंगवळणी पडला आणि प्रवास पडला नाही. याला त्यांनी विरोधाभास असं नाव दिलं. झुरिकमध्ये ज्याला विरोधाभास म्हणतात त्याला आपल्याकडे ‘सकाळची फास्ट’ म्हणतात, एवढाच फरक.

हा सगळा घोळ सुरू झाला तो १६ एप्रिल १८५३ रोजी. त्या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटर आगगाडी गेली आणि ‘जरा लांब राहायला काय हरकत आहे’ हा विचार या शहराच्या डोक्यात शिरला. तेव्हापासून स्वप्नातलं घर एकेक स्टेशन पुढे सरकतं आहे. आज मध्य रेल्वेवर डोंबिवली ४८, कल्याण ५४, बदलापूर ६८ आणि कर्जत १०० किलोमीटरवर आहे. पश्चिमेला विरार चर्चगेटपासून ६० किलोमीटर. चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली मांडलं होतं की माणूस कुठल्याही युगातला असो, दिवसाकाठी साधारण एक तास जाण्यायेण्यात घालवतो, आणि शहरं त्या तासाच्या मापाने वाढतात. कर्जतहून मंत्रालयात जाणाऱ्या कारकुनाला हा नियम सांगून बघावा. तो तुमच्याशी वाद घालणार नाही. त्याला गाडी पकडायची असते. आपल्याकडे अंतर किलोमीटरमध्ये मोजतच नाहीत, ‘पाच मिनिटं’ या एककात मोजतात. स्टेशनपासून पाच मिनिटं, हायवेपासून पाच मिनिटं, हॉस्पिटलपासून पाच मिनिटं. ही मिनिटं पहाटे तीन वाजता, मोटारीतून, सगळे सिग्नल हिरवे धरून काढलेली असतात. नावांचंही तसंच. लोअर परळचं जाहिरातीत अप्पर वरळी झालं आणि वडाळ्यात न्यू कफ परेड उगवलं. एका रात्रीत माणूस खालून वर गेला, खिडकीतून दिसतं मात्र तेच.

आता तक्रारींकडे वळू. सुरुवात वरच्या पायरीपासून करायची तर मराठी माणसाच्या स्वप्नातली पहिली वस्ती म्हणजे शिवाजी पार्क. क्रिकेट, कट्टा, जवळच समुद्र, नाटकाची थिएटरं आणि राजकीय इतिहास, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. इथे राहणाऱ्याला काही तक्रारच असणार नाही, असं बदलापूरच्या माणसाला वाटतं. पण तिथल्या रहिवाशाला विचारा, तो खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवून दाखवेल. लाल माती. वारा सुटला की मैदान उठून घरात येतं. उच्च न्यायालयाने २०१० साली मैदानाला शांतता क्षेत्र ठरवलं, त्यामुळे भाषणांचा आवाज थोडा आवाक्यात आला, पण धुळीला न्यायालयाचा धाक नसतो. माती दाबायला पाणी मारून झालं, गवत लावायच्या योजना झाल्या, दर हिवाळ्यात बातमी येते आणि दर हिवाळ्यात पडदे धुवायला जातात. देशातल्या महागड्या जमिनींपैकी एक जमीन रोज थोडी थोडी फुकट घरात येते, हा विचार करून कुणाला बरं वाटत असेल तर त्याने खुशाल शिवाजी पार्कला घर घ्यावं. अर्थात, परवडलं तर.

पार्ल्याची तक्रार वरून येते. विमानतळाच्या उड्डाणमार्गाखालच्या भागात इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे, त्यामुळे जुन्या इमारतींचा पुनर्विकास तिथे वर्षानुवर्षं रखडतो. इतर उपनगरांत बिल्डर जुनी तीन मजली पाडून बावीस मजली उभी करतो आणि जुन्या रहिवाशाला वर काही जागा जास्त देतो. पार्ल्यात तेवढे मजले चढवता येत नाहीत, म्हणून बिल्डर येतो, मान वर करून बघतो आणि निघून जातो. मग गळकी गच्ची, ताडपत्री आणि सोसायटीच्या सभेत पंधरा वर्षं तोच विषय. पण पार्लेकर ही तक्रार मोठ्या विद्वत्तेने सांगतो. त्याला उंचीचे नियम, ना-हरकत प्रमाणपत्रं आणि खात्यांची नावं पाठ असतात. टिळकांच्या नावाची शाळा आणि लोकमान्य सेवा संघ ज्या गावाने विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत उभे केले, त्या गावाला तक्रारही अभ्यास करूनच करायची असते. ज्यांना अर्ज लिहायची आवड आहे आणि विमानाचा आवाज आला की वाक्य अर्धवट सोडून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं, त्यांना पार्लं मानवेल.

नवी मुंबईचं प्रकरण वेगळं आहे, कारण ती वस्ती आधी कागदावर काढून मग बांधली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली खाडीपलीकडे नवं शहर सुचवलं आणि १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. सरकारी कचेऱ्या तिकडे न्याव्यात म्हणजे माणसं आपोआप जातील, अशी कल्पना होती. मंत्रालय जागचं हललं नाही, उलट नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून इमारती उठल्या. वाशीला रेल्वे यायला १९९२ उजाडलं. तोवरच्या बावीस वर्षांत तिथे राहायला गेलेल्यांनी ‘आमच्याकडे कुणी येत नाही’ ही तक्रार इतकी जोपासली की पुढे पाहुणे येऊ लागल्यावर काही घरांत अडचण झाली असणार. रुंद रस्ते, झाडं आणि मोकळी हवा मान्य, पण पत्ता सांगताना नोड, सेक्टर, प्लॉट असं सांगावं लागतं आणि प्रत्येक नोडमध्ये सेक्टरचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. नेरूळच्या सेक्टरचं पार्सल वाशीच्या त्याच सेक्टरमध्ये पोचतं. आणखी एक दुःख ताजं आहे. टोलनाका ही नवी मुंबईकराची हातखंडा तक्रार होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला आणि एका पिढीचा बोलण्याचा विषय संपला. बरं, तेवढ्यात अटल सेतू झालेला होता आणि त्याला टोल होता, म्हणून निभावलं.

ठाण्याबद्दल थोडक्यातच सांगायला हवं, कारण घोडबंदर रोडवर थोडक्यात काहीच होत नाही. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे टॉवरांची रांग, आणि त्या टॉवरांसमोरून उरणच्या बंदरातला माल गुजरातच्या दिशेने नेणारे अवजड ट्रक. त्यातच मेट्रोचे खांब. माणूस विसाव्या मजल्यावरून येऊरचे डोंगर बघतो आणि खाली उतरायचं धैर्य गोळा करतो. इथली तक्रार सहन करायला एकच गुण लागतो. तो म्हणजे घराबाहेर न पडणं.

डोंबिवलीपाशी मात्र थांबलं पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा तिथे आहे. सोयींच्या यादीवर गुण द्यायचे तर डोंबिवली कुठल्याच स्पर्धेत उतरू नये. सकाळच्या गाडीत चढायला जागा नाही, म्हणून मुंबईला जाणारा माणूस आधी उलट दिशेची गाडी पकडून मागे जातो आणि तीच गाडी परत फिरली की बसून येतो. याला ‘रिटर्न’ म्हणतात. पुढे जायचं तर आधी मागे जा, हे तत्त्वज्ञान जगात इतरत्र सांगायला गुरू लागतात, इथे मासिक पास पुरतो. रसायनांच्या कारखान्यांनी २०१४ साली हिरवा पाऊस पाडून दाखवला आणि २०२० साली एक रस्ता गुलाबी केला. इतर शहरं रंगपंचमीची वाट बघतात. एका गाडीचं नाव थेट सिनेमाला मिळालं, ‘डोंबिवली फास्ट’, २००५ साली, आणि त्यातला नायक पांढरपेशा, रोजच्या अन्यायाने डोकं फिरलेला. एवढं होऊन डोंबिवलीकर डोंबिवली सोडतो का? हाती पैसा आला तर तो पूर्वेतला वन बीएचके विकून पूर्वेतच टू बीएचके घेतो. फार धाडस केलं तर पूल ओलांडून पश्चिमेला जातो. गणेश मंदिर, पाडव्याची स्वागतयात्रा, फडके रोडवरची दिवाळीची सकाळ, पुस्तकांच्या लायब्रऱ्या हे सगळं आहेच. पण मला वाटतं खरं कारण असं की गर्दी ही त्याची तक्रार त्याच्या अंगाला नीट बसली आहे. ठरलेला डबा, ठरलेलं दार, ठरलेले लोक, चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला ठरलेला माणूस. ज्या गर्दीने झुरिकच्या अर्थशास्त्रज्ञांचा जीव गुदमरला असता, तिच्यात इथे भजनं होतात, हळदीकुंकू होतं, भाजी निवडून होते. उद्या गाडी रिकामी मिळाली तर डोंबिवलीकर आधी घाबरेल आणि मग आज सुट्टी आहे का ते बघेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. निवड कसली घेऊन बसलात, ज्याच्या खिशात जेवढं तेवढं लांब तो जातो, संपलं. अर्धं खरं आहे. खिसा अंतर ठरवतो, पण गाव ठरवत नाही. साधारण त्याच पैशांत एकाला डोंबिवलीची गर्दी मिळते, दुसऱ्याला वसईचं पावसाळ्यात साचणारं पाणी, तिसऱ्याला पनवेलच्या पुढचं ‘वस्ती होईल हळूहळू’. गर्दी, पाणी आणि एकटेपणा यांत फार फरक आहे. ज्याला माणसं लागतात त्याने एकटेपणा विकत घेऊ नये, आणि ज्याच्या घरात तळमजल्यावर आईची नऊवारीची ट्रंक ठेवायची आहे त्याने जुलैत कुठवर पाणी चढतं ते विचारल्याशिवाय टोकन देऊ नये. भाव जुळला की लोक स्वभाव जुळवायचं विसरतात.

दुसरा आक्षेप उत्साही लोकांचा. आजची तक्रार बघून काय उपयोग, उद्या मेट्रो येणार आहे, बोगदा होणार आहे. ठाणे-बोरिवली बोगद्याची पायाभरणी २०२४ मध्ये झाली आहे, हे मान्य. पण भविष्यकाळाचा आपला अनुभव काय सांगतो? वर्सोवा-घाटकोपर मेट्रोची पायाभरणी २००६ मध्ये झाली, ती धावली २०१४ मध्ये. लांबी अकरा किलोमीटर. नवी मुंबईच्या पहिल्या मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि गाडी सुटली नोव्हेंबर २०२३ मध्ये. तीही अकरा किलोमीटरच. अकराच्या आकड्यात काही दोष आहे का ते जाणकारांनी बघावं. नवी मुंबईच्या विमानतळाचं भूमिपूजन २०१८ मध्ये झालं, उद्घाटन २०२५ मध्ये, आणि जाहिरातींतली विमानं त्याच्या कितीतरी आधीपासून घिरट्या घालत होती. या मधल्या काळात सोय इतरांच्या भाषणात असते आणि खड्डा आपल्या दारात. बरं, सोय आली की सुख होतं असंही नाही. विमानतळ आला की विमानाचा आवाज येतो, आणि मग आपण पनवेलमध्ये राहून पार्ल्याची तक्रार करू लागतो, पार्ल्याची शाळा जवळ नसताना.

तिसरा आक्षेप मात्र हळवा आहे आणि त्याला उत्तर देताना जरा जपून बोलावं लागतं. तक्रार-बिक्रार काही नाही, माणूस आपल्या माणसांत राहायला जातो, गिरगावच्या चाळीत काय सोय होती, तरी लोक सुखात होते ना? होते. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो आहे, आणि एवढी वर्षं एखादी गोष्ट एकत्र करत राहणं येरागबाळ्याचं काम नाही. पण चाळीच्या आठवणी सगळ्यात सुंदर कोण सांगतं ते एकदा तपासावं. बोरिवलीच्या टू बीएचकेत, दोन स्वतंत्र बाथरूम असलेल्या घरात बसलेला माणूस. सामाईक संडासापुढे बालडी घेऊन उभं राहण्यातला आपलेपणा बालडी हातात असताना कुणाला जाणवत नव्हता. चाळीत ‘सगळ्यांना सगळं कळतं’ ही तक्रार होती, ब्लॉकमध्ये ‘शेजारी कोण राहतं तेही माहीत नाही’ ही तक्रार आहे. दोन्ही तक्रारी खऱ्या. माणूस एका तक्रारीला कंटाळून दुसरीकडे गेला आणि पहिलीची आठवण काढत बसला. म्हणजे हा आक्षेप माझ्याच पारड्यात पडतो: सोडून आलेल्या वस्तीचा माणसाला लळा असतो, कारण तिथली तक्रार आता दुसरं कुणीतरी सहन करतंय.

आणि कुणी म्हणेल, ही काय निराशेची दृष्टी! घर घ्यायचं मंगल काम आणि आधी दोष शोधायचे? पण आपल्याकडे मंगल कामाची रीत हीच आहे. पत्रिका जुळवताना गुरुजी आधी मंगळ बघतात, मग गुण मोजतात, आणि छत्तीसपैकी अठरा जुळले की मुहूर्त काढतात. आयुष्याच्या जोडीदाराला पन्नास टक्क्यांवर पास करणारा समाज फ्लॅटकडून मात्र छत्तीस गुण मागतो आणि वर पूर्वेचा दरवाजाही मागतो. शिवाय घर बघणारे दोघं असतात आणि दोघांच्या झेपणाऱ्या तक्रारी वेगळ्या असतात. एकाला प्रवास चालतो, पाण्याची बोंब चालत नाही, दुसऱ्याचं उलट. साधारणपणे ज्याला रोज लोकल पकडायची नाही त्याला लांबची हवा फार आवडते, आणि ज्याला रोज पिंप भरायचं नाही त्याला पाण्याचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. मेहुण्याला सगळंच चालतं.

राहिला प्रश्न तक्रार शोधायची कशी. विकणारा सांगणार नाही. त्याचं कारण ठरलेलं असतं, मुलाने बंगळूरला बोलावलंय. सेक्रेटरी ‘फॅमिली सोसायटी आहे’ एवढंच सांगतो, जणू इतर सोसायट्यांत अनाथ राहतात. विचारायचं ते इस्त्रीवाल्याला, दूधवाल्याला, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला, आणि जायचं ते जुलैतल्या मंगळवारी, संध्याकाळी पावणेआठला, स्टेशनवरून चालत. एखाद्या रहिवाशाला बोलतं करावं आणि तो काय सांगतो यापेक्षा कसा सांगतो ते ऐकावं. तक्रार सांगताना त्याचा आवाज चढला, डोळे चमकले, ‘अहो, हे तर काहीच नाही, पलीकडच्या गल्लीत या’ असं म्हणून तो तुम्हाला दाखवायला निघाला, तर बिनधास्त घर घ्यावं. तिथे माणसं तक्रारीसकट सुखात आहेत. पण गेटवरच्या वॉचमनला पाणी कसं आहे म्हणून विचारलं आणि त्याने क्षणभर तुमच्या बायकोकडे, मग टाकीकडे बघून ‘येतं ना साहेब’ असं म्हटलं, तर त्या ‘ना’पाशी जरा थांबावं, आणि मेहुण्याला म्हणावं, आता टकटक कर बघू.